भीमाचें कुंड आणि हर्क्युलीसचें पाऊल

जळगांवास लागून असलेलें मेहरूण बाहेरच्या लोकांस माहीत आहे तें तेथील बोरांमुळें आणि तलावामुळें. माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तरास मात्र या गांवाचा आणखी एक उपयोग आहे. येथून सकाळीं निघालें कीं महाभारतांत जाऊन दिवेलागणीच्या आंत घरीं परततां येतें.

धुळ्याच्या रस्त्यानें पश्चिमेस गेलें कीं अंजनी नदीच्या कांठीं एरंडोल लागतें. पांडव ब्राह्मणवेषानें राहिले ती एकचक्रा नगरी हीच, अशी तेथील परंपरा आहे. एरंडोलाजवळच डोंगरावर पद्मालय हें गणपतीचें क्षेत्र आहे. कमळांनीं भरलेला तलाव आणि एकाच गाभाऱ्यांत दोन गणेशमूर्ति, असें तें रम्य स्थान आहे. देवदर्शन झाल्यावर जवळच्या रानांत लोक भीमकुंड दाखवितात. बकासुराचा वध केल्यावर भीमास विलक्षण तहान लागली, त्यानें कोपर मारून खडक फोडला व पाणी काढलें, अशी कथा आहे. मुष्टीनें नव्हे, कोपरानें! हा बारकावा मला फार आवडतो. दमलेला मनुष्य जमिनीवर टेकतो तो कोपरावरच.

हें सांगितलें कीं घरांत लगेच दोन तट पडतात. कॉलेजांत शिकणारीं मुलें हंसतात, आणि वडील मंडळी म्हणतात कीं प्रत्यक्ष दगड साक्ष असतां आणखी पुरावा कशास हवा? दोन्ही तटांस माझें सांगणें एवढेंच कीं थोडें यवनांकडे पाहावें. यवन म्हणजे प्राचीन ग्रीक लोक. त्यांचा हर्क्युलीस हा आपल्या भीमाचा जणू आतेभाऊच: अचाट बळ, अचाट भूक आणि हातांत गदेसारखा सोटा. ख्रिस्तपूर्व ५ व्या शतकांतील इतिहासकार हिरोडोटस शकांच्या देशाचें वर्णन करितांना सांगतो कीं, टायरस (आजची नीस्टर) नदीच्या कांठीं एका खडकावर हर्क्युलीसचें पाऊल दाखवितात. तें मनुष्याच्या पावलासारखें असून दोन हात लांब आहे. तो तें खरें म्हणत नाहीं, खोटेंही म्हणत नाहीं. लांबी मात्र आठवणीनें नोंदवितो.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळ क्रो नांवाचें विस्तीर्ण मैदान गोल धोंड्यांनीं भरलेलें आहे. तेथें शत्रूंनीं वेढलेल्या हर्क्युलीसचे बाण संपले, भूमि मऊ असल्यामुळें हातीं दगडही मिळेना, तेव्हां देवराज झ्यूसनें धोंड्यांचा पाऊस पाडला, असें नाटककार एस्किलसनें वर्णिलें होतें. भूगोलवेत्ता स्ट्रॅबो ही कथा देतो आणि तिच्या शेजारींच हे धोंडे भूकंपानें वर आले असें अॅरिस्टॉटलचें मतही देतो. (आजचे शास्त्रज्ञ दोघांसही बाजूस सारून, तें ड्यूरान्स नदीचें जुनें पात्र आहे असें म्हणतात.) दोन हजार वर्षांपूर्वीं एका पानावर कथा आणि कारण शेजारीं बसूं शकलीं, आमच्या माजघरांतच त्यांचें भांडण कां व्हावें? आपला काळा पाषाण ज्वालामुखीच्या रसाचे थर गोठून सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं झाला. त्या मानानें भीम केव्हांचाही असो, तो कालचाच.

नांव देणाऱ्याचा हेतु मात्र पाहावा लागतो. शिकंदराची सेना हिंदुकुशांत आली तेव्हां तेथील एक गुहा पाहून, प्रॉमेथ्यूसला बांधून ठेविलें होतें व हर्क्युलीसनें सोडविलें तें हेंच स्थान, असें सैनिकांनीं ठरवून टाकलें. एराटोस्थेनिस या पंडितानें पुढें स्पष्ट म्हटलें कीं, ही सगळी शिकंदराची खुशामत आहे. कॉकेशस पर्वतच उचलून हिंदुस्थानाकडे आणला! आपल्याकडे बंगालच्या बीरभूम जिल्ह्यांतही एक एकचक्रा आहे, व तेथेंही पांडव राहिल्याचें सांगतात. पण एरंडोल काय, बीरभूम काय, यांत कोणा राजाची खुशामत नाहीं. आवडता पाहुणा आपल्याच घरीं उतरला होता, असें प्रत्येकास म्हणावेंसें वाटतें.

खानदेशानें मात्र एक नावडता पाहुणाही ठेवून घेतला आहे. नंदुरबार जिल्हा १९९८ पर्यंत धुळ्यांतच होता. तेथें सातपुड्यांत अस्तंबा नांवाचें १,३०० मीटरांहून उंच शिखर आहे, आणि तें अश्वत्थाम्याचें स्थान मानितात. झोपलेल्या वीरांस व द्रौपदीच्या पुत्रांस मारणारा हा ब्राह्मण; त्याच्या मस्तकींचा मणि काढून घेतला गेला, आणि तीन सहस्र वर्षें रक्तपुवाच्या दुर्गंधीसह, निर्जन प्रदेशांत, कोणाशींही बोलणें न होतां भटकशील, असा शाप श्रीकृष्णानें दिला. ग्रीकांच्या फिलॉक्टिटीसची दशा अशीच. सर्पदंशाची जखम नासली, दुर्गंधि सोसवेना म्हणून सोबत्यांनीं त्यास लेमनॉस बेटावर टाकून दिलें. दहा वर्षांनीं ते त्यास न्यावयास परत आले, पण तें त्याच्या धनुष्याविना ट्रॉय पडत नव्हतें म्हणून.

अश्वत्थाम्याकडे तर कोणाचें कामही नाहीं. तरी दरवर्षीं धनत्रयोदशीच्या सुमारास भिल्ल, पावरा व इतर लोक मोठ्या संख्येनें त्या शिखरावर चढतात. जखमेवर घालण्यास तो तेल मागतो आणि वाट चुकलेल्यास वाट दाखवितो, अशी तेथील श्रद्धा आहे. ज्यास कोणाची संगत मिळूं नये असें व्यासांनीं लिहिलें, त्याच्याकडे ऐन दिवाळींत माणसें जातात! महाभारत शिकविण्यांत माझी हयात गेली. पण त्या ग्रंथावर इतकी दयाळू टीका मीं कोठें वाचली नाहीं.

पद्मालयास मुलांलेकरांसह जाण्यास हिंवाळा बरा. अस्तंब्याची वाट मात्र उभ्या चढाची आहे, माझ्या वयाच्या माणसानें तिच्या नादीं लागूं नये. घरांतील कोणी तरुण जाणार असेल तर त्याच्याबरोबर तेलाची एक लहान कुपी धाडावी.