अर्ज

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेचा फुटबॉल संघ पहिल्याच सामन्यात पाच गोलांनी हरला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चार विद्यार्थी हाती अर्ज घेऊन आमच्यापुढे उभे! "सर, कोच बदला." हे कोच म्हणजे पीथमपुरातील एका कारखान्याचे कामगार. कामावरून सुटले की सायकलीने थेट मैदानावर यावयाचे. मोबदला म्हणाल, तर एक कप चहा.

अर्ज आमच्याकडेच यावा हे स्वाभाविक होते. आम्ही गोव्याचे. घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि रविवारी फुटबॉल, अशा तीन भाषांत आम्ही वाढलो. क्रिकेटवेड्या या मुलखात फुटबॉलचे जाणकार म्हणून आमची उगाचच ख्याती आहे.

मुलांना आम्ही धेंपो क्लबाची हकीकत सांगितली. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरास फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी मोहन बागानला हरविले. दोन्ही गोल ख्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझिली खेळाडूचे. पण दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही. त्या रात्री आमच्या घरी कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. एवढ्या आघाताने संघ मोडेल असेच आम्हांस वाटले. क्लबाने त्याचा दहा क्रमांकाचा सदरा कायमचा बाजूस ठेवला. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो मात्र जागचे हलले नाहीत, आणि क्लबानेही त्यांना हलविले नाही. त्याच मोसमात, २००५ साली, धेंपोने राष्ट्रीय लीग प्रथमच जिंकली. २०१२ पर्यंत अशी पाच अजिंक्यपदे या जोडीने मिळविली. समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा यांसारखे खेळाडू वर्षानुवर्षे तेथेच राहिले. पुढल्या मोसमाचा विचार करताना कोणाला आणावे यापेक्षा कोणाला जाऊ द्यावयाचे नाही, हे त्यांना आधी कळत असावे.

"मग ते अजून तिथेच आहेत का?" एकाने विचारले. खोटे कसे सांगावे? २०१३ साली कुलासो कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडे गेले, २०१५ साली धेंपो खालच्या श्रेणीत घसरला. मात्र २०२४ साली त्याला आय-लीगमध्ये परत आणणारा प्रशिक्षक होता तोच समीर नाईक.

मुले गप्प झाली, पण अर्ज काही मागे घेतला नाही. संध्याकाळी आम्ही कोचना भेटलो, तर तेही निरोप घ्यावयाच्याच तयारीत! "मास्तर, पोरांना माझ्या वेळा जमत नाहीत." दुखणे येथे होते तर. त्यांची पाळी दर आठवड्यास बदलते, आमचा सराव मात्र रोज पाचलाच. ते नसताना मुले नुसती चेंडूमागे धावत, आणि हरल्यावर दोष त्यांचा.

शनिवारी सर्वांना मैदानावर बसविले. कोचनी पुढल्या तीन महिन्यांच्या पाळ्या सांगितल्या. अर्ज लिहिणाऱ्यानेच त्या अर्जाच्या पाठीवर उतरवून घेतल्या. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सराव सकाळी सहाला, असे ठरले.

पहिल्या सकाळी सात मुले आली. अर्जवाले चौघेही त्यांत होते. गोलरक्षक मात्र झोपून राहिला, म्हणून गोलात आम्हांसच उभे राहावे लागले.