बाजारातून आल्यावर

मार्काच्या शुभवर्तमानातला सातवा अध्याय मराठी घरात वाचताना टिपांची गरज पडत नाही. बाजारातून आल्यावर परूशी पंथाचे यहूदी लोक स्वतःला शुद्ध केल्याशिवाय जेवत नसत; प्याले, घागरी, तांब्याची भांडी विधिपूर्वक धूत. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात वडिलांच्या कडक सोवळ्याबद्दल लिहिलं आहे. बाजारातली जिन्नस धुतल्यावाचून त्यांना चालत नसे आणि त्याचा जाच अख्ख्या घराला होई. गालील आणि नाशिकजवळचं त्यांचं माहेर जलालपूर एवढी जवळ असतील, असं पुस्तक हाती घेईपर्यंत वाटत नाही.

परूशांना ढोंगी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. मंदिरातलं पावित्र्य साध्या माणसाच्या ताटापर्यंत यावं, ही त्यांची ओढ खरी होती. येशूचा राग आहे तो पुढच्या ओळींत, आणि प्रवचनं बहुधा त्याआधीच, हात धुण्यापाशी थांबतात. आपली मिळकत देवाला अर्पण केली आहे, असं जाहीर करून माणूस म्हाताऱ्या आईबापांना मदत नाकारू शकत असे. देवाच्या नावानेच आईच्या तोंडचा घास काढायचा! माणसाच्या आतून निघून त्याला विटाळणाऱ्या गोष्टी येशू मग एकेक करून सांगतो. त्यांत व्यभिचार आहे, तसेच लोभ, कपट आणि गर्वही आहेत. देहाच्या पापांवर बोट ठेवणं आपल्याला सोपं जातं, लोभावर ठेवताना हात आखडतो.

पण म्हणून विधी टाकून द्यावेत असंही तो म्हणत नाही. पुदिना, शेप, जिरं यांचा दशमांश देणाऱ्यांना तो न्याय, दया आणि विश्वास यांची आठवण करून देतो, आणि तो दशमांशही सोडू नका म्हणतो. उपासकाळातला उपवास, राखेच्या बुधवारी कपाळावर लागणारी राख मला प्रिय आहे. देहाला काही करायला दिलं नाही तर मन फार काळ नम्र राहत नाही, हा माझा अनुभव आहे.

बाप्तिस्मा तर पाण्याचाच विधी. लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळकांनी तो 1895 मध्ये घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधल्या वर्षांत त्यांनी आपलं सोवळं जपलं. मग एका क्षणी, बाप्तिस्म्याच्या आधीच, माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही हे त्यांना आतून उमगलं आणि कुणाच्याही हातचं खायचं त्यांनी ठरवलं. पाणी नंतर आलं. उलटंही घडतं. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या आणि इतरांच्या कबरींमध्ये भिंत बांधली गेली. दोन्हीकडचे लोक त्याच बाप्तिस्म्याचे, त्याच प्रभुभोजनाचे. ही भिंत मला कुठल्याही न धुतलेल्या हातांपेक्षा अधिक विटाळलेली वाटते.

बाप्तिस्मा आणि मनाचा पालट यांतली ही तफावत टिळकांना जाचत असावी. अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून 1917 मध्ये त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला आणि बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून आत घेतलं. 1919 मध्ये ते गेले, दरबार फार टिकला नाही. चर्चची शिस्त सैल होईल ही तेव्हाची भीती मला समजते. पण बाप्तिस्म्याआधीच्या त्या पाच वर्षांतल्या लक्ष्मीबाईंना बसायला जागा कुठे होती, हे विचारल्यावर मी टिळकांच्या बाजूने उभा राहतो.