इस्पितळातली भेट

आपल्या गोव्यात कुणी इस्पितळात असल्याचं कळलं, की पेजेचा डबा नि शहाळी घेऊन अख्खा वाडा भेटीला निघतो. ही माया मला आवडते. पण नोरोव्हायरसपुढे तीच घातक ठरते.

१९६८ साली अमेरिकेत ओहायोतल्या नॉरवॉक गावच्या शाळेत उलट्या-जुलाबांची साथ आली. १९७२ साली तिचा विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला आणि गावाचं नाव त्याला चिकटलं. अगदी मोजके कण पोटात गेले तरी पुरतात. वॉर्डात एकाला उलटी झाली, की खाटेचा दांडा, नळ, दाराची कडी, सगळीकडून तो पसरतो. म्हाताऱ्यांच्या अंगातलं पाणी आटून जिवावर बेततं.

उपाय साधेच. कोविडच्या काळात घरोघरी पोचलेलं सॅनिटायझर इथे फारसं चालत नाही. साबण आणि वाहतं पाणीच हवं. फरशीला ब्लीचिंगचं पाणी. आजारी नर्सने उलट्या-जुलाब थांबल्यावरही ४८ तास घरी राहायचं. आणि भेटी बंद.

हे शेवटचंच आपल्याला जड जातं. 'साधं तोंड दाखवायलासुद्धा आले नाहीत,' हा बोल कुणाला हवा? मला वाटतं, साथ असताना वॉर्डाच्या दारातून परत फिरणाऱ्याला बोल लावू नये. फोन करावा. पेज माणूस घरी आल्यावर द्यावी.