बिनकुलपाची पेटी

दुकान उघडे टाकून मालकाने बाहेरगावी जावे, गल्ल्यावर कोणी बसू नये आणि गिऱ्हाइकाने माल उचलून त्याचा मोबदला आपणहून ठेवावा, अशी व्यवस्था कोणी सुचविली तर व्यापारी माणूस हसेल. परंतु नेमक्या याच तत्त्वावर चालणारा एक खेळ पाव शतक टिकून आहे. त्याचे नाव जिओकॅशिंग. कोणीतरी एक पेटी लपवावी, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करावेत आणि इतरांनी ती शोधून काढावी, असे त्याचे स्वरूप.

उपग्रहांच्या साहाय्याने स्थान दाखविणाऱ्या जीपीएस यंत्रणेत अमेरिकी सरकार नागरी वापरासाठी मुद्दाम चूक मिसळत असे. मे २००० च्या प्रारंभी ती पद्धत बंद झाली आणि सामान्य माणसाच्या हातातील यंत्र सुमारे दसपट अचूक झाले. ३ मे रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थांनी ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहराजवळच्या बीव्हरक्रीक येथे एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. तीत वही-पेन्सिलीबरोबर पुस्तके, चित्रफिती, एक गलोल आणि बीन्सचा बंद डबाही होता. काही घ्या, काही ठेवा, एवढाच त्यांचा नियम. थोड्याच दिवसांत शोधणारे तेथे पोहोचले.

पुढे नियम वाढले. पेटी जमिनीत पुरायची नाही, जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची, दोन पेट्यांत किमान १६१ मीटर अंतर राखायचे. खाद्यपदार्थ वर्ज्य, कारण वासाने जनावरे येऊन डबा फोडतात. शोध किती अवघड आणि वाट किती बिकट, हे १ ते ५ अशा दोन श्रेणींनी आधीच सांगायचे. उल्मर यांची पहिली बादली आजच्या नियमांत बसलीच नसती!

एखाद्या विषयाला वाहिलेली पेटी मांडणे याहून कठीण. समजा, कोणी देशोदेशींची नाणी हा विषय निवडला. तो पाणी न शिरणारा, घट्ट झाकणाचा डबा घेतो. बेवारस वस्तू समजून कोणी पोलिसांना बोलावू नये, म्हणून त्यावर खेळाची स्पष्ट खूण करतो. आत वही, पेन्सिल, विषय सांगणारी चिठ्ठी आणि वीसेक नाणी ठेवतो. जुन्या बाजारपेठेजवळची एखादी बाग निवडतो. झाडीखाली यंत्राची चूक वाढते, म्हणून वेगवेगळ्या दिवशी जाऊन स्थान मोजतो आणि सरासरी काढतो.

खरी परीक्षा यानंतर सुरू होते. पहिला शोधक भोकाचे जपानी नाणे उचलतो आणि आपल्या देशाचे ठेवतो. तिसरा प्लॅस्टिकचे खेळणे टाकतो. पाचवा घेतो, पण ठेवत काहीच नाही. घेतले त्याच्या तोडीचे किंवा त्याहून अधिक मोलाचे ठेवावे, असा संकेत आहे. मात्र तो तपासायला तेथे कोणी नसते. वर्षभरात नाण्यांच्या पेटीत गंजलेली किल्ली आणि चुरगळलेली तिकिटे उरतात.

पेटीला कुलूप घालावे, तर खेळच संपला. ती उचलून न्यावी, तर प्रामाणिक शोधकाला पाचव्याच्या वर्तनाची शिक्षा. देखभालीची जबाबदारी नियमाने मांडणाऱ्याचीच असते. तो पुन्हा जातो, भिजलेली वही बदलतो, कचरा काढतो, नवी नाणी भरतो. ही तूट कोणाच्या नावे टाकायची? वसुली तर शक्य नाही. जाणता हिशेबनीस यंत्रसामग्रीवर दरसाल घसारा धरतो, तसाच तो विश्वासावरही धरावा लागतो. ज्याने तो पहिल्याच दिवशी धरला, त्याची पेटी चालते.

भिजलेली वही मात्र त्याने वाचून पाहावी. या खेळात वस्तूंची देवघेव ऐच्छिक आहे. वहीत नाव आणि तारीख लिहिल्यावाचून शोध पूर्ण होत नाही. काही घेतले नाही, काही ठेवले नाही, हा शेरा तर इतका नित्याचा की इंग्रजीत त्याचे चार अक्षरी लघुरूप रूढ झाले आहे. उघड्या पेटीपर्यंत चालत येऊन, नाणी पाहून, फक्त नाव लिहून परत गेलेली ही माणसे. तूट मोजताना त्यांचीही नोंद जमेच्या बाजूला घ्यावी.