ईमचा रविवार

शेफील्डला मुलीकडे गेलो की आमचे दिवस दोनच उद्योगांत जातात. नातवाबरोबर पत्ते कुटणे हा पहिला आणि तिथल्या पावसाला नावे ठेवणे हा दुसरा. त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी मात्र सकाळीच ऊन पडले. जावई म्हणाले, "बाबा, आज ईमला जाऊ या. आज तिथं प्लेगचा रविवार असतो."

"सुट्टीच्या दिवशी प्लेग कसला दाखवता?" आमची सौ. म्हणाली. पण डब्यात थालीपिठे भरून सर्वांच्या आधी मोटारीत जाऊन बसली तीच.

ईम हे डर्बीशायरमधले डोंगरातले गाव. त्याचे इंग्रजी स्पेलिंग असे आहे की आपण वाचायला गेलो तर 'एयाम' म्हणू. गावकरी मात्र नुसते 'ईम' म्हणतात. शेफील्डहून मोटारीने अर्ध्यापाऊण तासाची वाट. माळरानावर हेदरची जांभळी फुले उमललेली, दगडावर दगड रचून घातलेली कुंपणे, त्यांच्या आत मेंढ्या. गावाची वस्ती हजाराच्या आतबाहेर. घरे करड्या दगडांची आणि सर्वांच्या मध्यभागी सेंट लॉरेन्सचे चर्च. गावातल्या विहिरी त्या आठवड्यात सजवलेल्या होत्या. लाकडी फळ्यांवर ओली माती थापून तीत फुलांच्या पाकळ्या एकेक करून बसवतात आणि चित्र उभे करतात. सौ. पाहतच राहिली. "ही तर उभी रांगोळी!" असे तिने जाहीर केले, आणि त्या क्षणापासून ते गाव तिचे झाले.

सकाळची उपासना सुरू व्हायची होती. चर्चच्या आवारात सुमारे बाराशे वर्षांपूर्वीचा दगडी क्रूस उभा आहे, भिंतीवर १७७५ सालचे सूर्यघड्याळ आहे. परंतु मला इमारतीपेक्षा तिथली माणसे पाहण्यात अधिक रस होता. इंग्लंडच्या चर्चची अशी सुमारे सोळा हजार देवळे त्या देशात आहेत, त्यांतली निम्म्याहून अधिक खेड्यांत. खेड्यातल्या एकेका पाळकाकडे आता तीन-तीन, चार-चार चर्चे असतात. म्हणजे खरा कारभार गावकऱ्यांच्याच हाती. कोणी घंटा वाजवायची, कोणी फुले लावायची, कोणी चहा करायचा, याची पाळी ठरलेली असते. छप्पर गळू लागले तर पैसे तेच जमवतात. सुगीच्या उपासनेला भाजीपाला आणि पावाच्या लाद्या वेदीपाशी रचायच्या, नोव्हेंबरात युद्धात पडलेल्यांची आठवण करायची, नाताळात मेणबत्त्यांच्या उजेडात गाणी म्हणायची, असे वर्षाचे चक्र. आपल्या गावच्या देवळातला काकडा, हरिपाठ आणि सप्ताह ज्याने पाहिला आहे, त्याला यात काही परके वाटायचे नाही.

दारात एका वृद्ध बाईंनी आमच्या हाती पुस्तिका दिल्या. त्या चर्चच्या वॉर्डन, म्हणजे आपल्याकडच्या देवस्थानच्या पंचासारख्या. "पहिल्यांदाच आलात? कुठेही बसा. उभं राहायचं की बसायचं ते कळलं नाही तर पुढच्याकडे पाहा. तोही त्याच्या पुढच्याकडेच पाहत असतो," त्या म्हणाल्या. मग त्यांनी एक वही पुढे केली. "आज प्रार्थनेत कोणा आजारी माणसाचं किंवा गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं असेल तर यात लिहा."

मी क्षणभर थांबलो. मग लिहिले, 'दादा'.

दादा म्हणजे माझे थोरले बंधू. एप्रिल २०२१ मध्ये पुण्यात करोनाने गेले. मी त्याच शहरात, तीन मैलांवर, स्वतःही आजारी, खोलीत कोंडलेला. इस्पितळातून परस्पर स्मशानात नेले. पुतण्याने मोबाइलवर दाखवले तेवढेच दर्शन. ज्याने मला सायकल शिकवली त्याला मी खांदा दिला नाही. ही गोष्ट मी तोवर कोणाशी फारशी बोललो नव्हतो, सौ.शीसुद्धा नाही.

उपासना सुरू झाली. समोरच्या फळीवर गीतांचे आकडे लावलेले. आकडा पाहायचा, पुस्तक उघडायचे, उभे राहायचे. पापांची कबुली, शास्त्राचे वाचन, लहानसे प्रवचन, मग प्रार्थना. गुडघे टेकायला पायाशी बायकांनी भरतकाम करून बनवलेल्या उश्या. सारे इतके शांत, की मागे कोणाची काठी पडली तीही मोठी वाटली. प्रार्थनेत आजाऱ्यांची नावे आली, मग गेलेल्यांची. इंग्रज नावांच्या ओळीत मधेच एक नाव आले, 'डाडा'. उच्चार पार बिघडलेला. पण सारे चर्च त्या नावापुढे क्षणभर गप्प राहिले. सौ.ने माझ्याकडे पाहिले. काही न बोलता तिने माझ्या हातावर हात ठेवला.

पुढे सर्वांनी एकमेकांचे हात हाती घेऊन शांती चिंतिली आणि प्रभुभोजन झाले. जे भाकर आणि द्राक्षारस घेत नाहीत त्यांनी हात छातीशी दुमडून पुढे गेले तर नुसता आशीर्वाद मिळतो. सौ. ताडकन उठून रांगेत उभी राहिली. "देवाच्या दारातून रिकाम्या हातानं परत येऊ नये," हे तिचे त्यावरचे भाष्य.

उपासनेनंतर चहा घेताना वॉर्डनबाईंनी आम्हाला गावाची कथा सांगितली. सप्टेंबर १६६५ मध्ये लंडनहून इथल्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. कापड ओले होते म्हणून जॉर्ज व्हिकर्स नावाच्या कारागिराने ते चुलीपाशी वाळत घातले. त्यात पिसवा होत्या, असे सांगतात. थोड्याच दिवसांत व्हिकर्स मेला आणि मागोमाग शेजारीपाजारी. थंडीत साथ मंदावली. पण उन्हाळ्यात तिने पुन्हा डोके वर काढले.

त्या वेळी गावात दोन पाळक होते आणि त्यांचे पंथ एकमेकांचे वैरी. टॉमस स्टॅन्ली हे जुने, प्युरिटन मताचे. राज्यात १६६२ साली नवे प्रार्थनापुस्तक सक्तीचे झाले, ते त्यांनी मानले नाही म्हणून त्यांची जागा गेली. त्या जागी १६६४ मध्ये तरुण विल्यम मॉम्पेसन आले. गावाचा ओढा स्टॅन्लींकडे, अधिकार मॉम्पेसनकडे. पण जून १६६६ मध्ये हे दोघे एकत्र बसले आणि त्यांनी गावापुढे तीन गोष्टी ठेवल्या. ज्याचे माणूस मरेल त्याने ते आपल्याच शेतात किंवा बागेत पुरावे. चर्चला कुलूप लावून उपासना उघड्यावर करावी. आणि तिसरी सर्वांत कठीण: गावाच्या शिवेबाहेर कोणी पाऊल टाकू नये.

गावाने ते मानले. चॅट्सवर्थहून डेव्हनशायरच्या अर्लने धान्य पुरवले. शिवेवरच्या दगडाला भोके पाडलेली आहेत. त्यांत व्हिनेगर घालून पैसे टाकायचे आणि बाहेरच्यांनी ठेवलेले जिन्नस उचलायचे. तो दगड आजही तिथे आहे. ऑगस्टमध्ये एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले गमावली. साऱ्यांना तिने आपल्या शेतात स्वतःच्या हाताने पुरले. मॉम्पेसनची पत्नी कॅथरीन त्याच महिन्यात गेली. नोव्हेंबरात साथ थांबली तेव्हा अडीचशेंहून अधिक माणसे मेली होती. त्यांची नावे चर्चच्या दप्तरात आहेत, कारण जन्म, लग्न आणि मरणाची नोंद चर्चने ठेवावी, असा हुकूम त्या देशात १५३८ पासूनचा. साथीच्या दिवसांतही तो नेम चालू राहिला.

मला आमची आजी आठवली. तिच्या लहानपणी आपल्याकडे प्लेग होता. "उंदीर पडले की गाव सोडायचं, माळावर झोपडी घालायची," असे ती सांगे. आम्ही गाव रिकामे केले आणि जगलो. यांनी गाव सोडले नाही, म्हणून शेजारची गावे जगली. आणि पुण्याच्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या, हे कोणता मराठी माणूस विसरेल?

दुपारी सारा गाव कक्लेट डेल्फकडे निघाला. ही गावाबाहेरची गवताळ घळ. एका बाजूला चुनखडीचे उभे खडक, त्यांत कमानीसारखी पोकळी. १६६६ च्या त्या उन्हाळ्यात उपासना व्हायची ती इथेच. घराघराची माणसे एकमेकांपासून लांब उभी राहत. दर रविवारी पाहावे तर गेल्या वेळी जिथे चार माणसे होती तिथे दोनच. कधी जागाच रिकामी. साथीची आठवण म्हणून प्लेगचा रविवार १८६६ पासून पाळला जातो.

आम्ही गवतावर बसलो. गीते झाली, प्रार्थना झाल्या. इंग्लंडातली चर्चे मार्च २०२० मध्ये बंद झाली होती. त्याच वर्षी आपल्याकडे आषाढीला संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. वारकरी घरी राहिले, पण वारी खंडली नाही. ईमच्या लोकांनीही तेच केले होते. चर्चला कुलूप घातले, पण रविवार मोडला नाही. सकाळी पाहिलेल्या त्या चहाच्या पाळ्या, फुलांच्या पाळ्या मला एरवी वृद्धांचा विरंगुळा वाटल्या असत्या. आता कळले, की वर्षानुवर्षे अशा क्षुल्लक पाळ्या चुकवल्या नाहीत म्हणूनच कठीण वेळी गाव एका शब्दावर उभे राहू शकले. मोठेपणा एका दिवसात येत नाही. त्याची सवय आधीपासून लागते.

परत निघताना वॉर्डनबाई भेटल्या. सौ.ने त्यांना डबा उघडून थालीपीठ दिले. त्यांनी तुकडा मोडला, डोळ्यांत पाणी आले, आणि म्हणाल्या, "तिखट आहे, पण छान आहे." मग मला विचारले, "सकाळचं ते नाव मी बरोबर घेतलं का?"

"अगदी बरोबर," मी म्हणालो. सौ.नेही दुरुस्ती केली नाही.

मोटारीत बसल्यावर मी सौ.ला दादांच्या सायकलची गोष्ट सांगू लागलो. शेफील्ड आले तरी ती संपली नव्हती.