अकोला : उंबरठ्यापलीकडचा जिल्हा

दिवाळीच्या सुटीत पुण्याहून आलेल्या नातवाने तिसऱ्याच दिवशी विचारले, "आजोबा, अकोल्यात पाहण्यासारखे आहे तरी काय?" जठारपेठेतील घर विकून आम्ही उभयतांनी पुण्यास मुलाकडे राहावयास जावे, अशी बोलणी त्याच आठवड्यात घरात चालू होती. त्यामुळे तो साधा प्रश्न मनाला लागला. दुसऱ्या दिवशी मी गाडी ठरविली.

वास्तविक उत्तर मलाही पुरते ठाऊक नव्हते. बँकेच्या नोकरीत तारण तपासण्यासाठी मी अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर येथे असंख्य वेळा गेलो. रुईच्या गाठी मोजल्या, सरकीचा भाव विचारला आणि परतलो. मान वर करून गावाकडे कधी पाहिले नाही.

जठारपेठेतून मोर्णेचा पूल ओलांडला की जुने शहर लागते. नदीकाठचा असदगड औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाचा. ख्वाजा अब्दुल लतीफ याने तो १६९७ च्या सुमारास बांधला. जवळच ग्रामदैवत राजराजेश्वर. श्रावणातील अखेरच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावरील कावडीने येथे येते. परंतु आजचे अकोला घडविले ते कापसाने. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि १८६७ पर्यंत मुंबईची रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचली. गुजरात-मारवाडातून अडत, दलाली आणि पुढे जिनिंग-प्रेसिंगसाठी अनेक कुटुंबे येथे आली. आपल्यापैकी कित्येकांच्या घराण्यांचा वऱ्हाडातील इतिहास तेथूनच सुरू होतो.

बाळापूर सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील विटांचा किल्ला औरंगजेबाचा पुत्र आझमशहा याने आरंभिला आणि १७५७ मध्ये एलिचपूरच्या नवाब इस्माईलखानाने पुरा केला. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारे तेच हे जयसिंग, हे ऐकून नातू थबकला. पाठ्यपुस्तकातील माणूस आपल्या जिल्ह्यात निघेल, असे त्याला वाटले नव्हते.

नरनाळ्यासाठी मात्र एक संपूर्ण दिवस राखून ठेवावा. अकोटहून सातपुड्याकडे निघाले की पायथ्याला शहानूर हे गाव लागते. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून घाट चढावा लागतो. सभोवतीचे जंगल मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येते. वरचा महाकाली दरवाजा पंधराव्या शतकातील आहे. त्यावरील कमळे, दगडी सज्जे आणि कोरीव लेख पाहताना मी अर्धा तास उभाच राहिलो. तो उभारणारा फतेहउल्ला इमाद-उल-मुल्क हा बहामनी सरदार. पुढे १४९० मध्ये त्याने वऱ्हाडात स्वतंत्र इमादशाही स्थापिली. गडावर शक्कर तलाव आणि नऊगजी तोफ आहे. दगडी झाकणीच्या काही टाक्या मुसलमानी राजवटीपूर्वीच्या जैन राजांच्या असाव्यात, असा जुना समज आहे.

तटावरून खाली पाहिले तर पूर्णेचे सपाट काळे खोरे दूरवर पसरलेले दिसते. याच मैदानात, अडगावजवळ, २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांचा पराभव केला. माझी नजर मात्र खारपाण पट्ट्यावर खिळली. तेथील विहिरींचे पाणी खारट. पूर्वी दहीहंड्याकडे अशा विहिरींच्या पाण्यापासून मीठ करीत असत. त्या पाण्यावर पीक धरत नाही. सारी भिस्त पावसावर. एका थकीत खातेदाराच्या कागदावर मी एकदा "सिंचनाची सोय करून घेतलेली नाही" असा शेरा लिहिला होता. त्याचे गाव याच पट्ट्यातले होते. नातवाला मी हे सांगितले. तो म्हणाला, "मग तुम्ही त्यांची विहीर पाहिली नव्हती का?" नव्हती पाहिली.

तिसऱ्या दिवशी पातूर, मेडशी, मालेगाव या मार्गाने शिरपूरला गेलो. १९९८ मध्ये वाशीम जिल्हा वेगळा होईपर्यंत शिरपूर अकोल्याचेच होते. श्री अंतरिक्ष पार्श्वनाथांचे दर्शन कितीतरी वर्षे झरोक्यातूनच घ्यावे लागे. २०२३ मध्ये दार उघडले. त्या वादाविषयी येथे लिहीत नाही. सौ. पाऊण तास गाभाऱ्यासमोरून हलल्या नाहीत. गावाबाहेरील पवळीचे प्राचीन मंदिरही अवश्य पाहावे.

कारंजा राहूनच गेले. तेथील तीन जुन्या दिगंबर मंदिरांचे ग्रंथभांडार विख्यात आहे; अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक हिरालाल जैन यांनी १९३० च्या दशकात कारंजा जैन ग्रंथमालेतून अपभ्रंश काव्ये संपादून प्रसिद्ध केली. मूर्तिजापूर–यवतमाळ ही 'शकुंतला' कारंज्यावरूनच जात असे. आता ती गाडी नाही.

येणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने निवडावेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. नरनाळ्यावर जेवणाची सोय धरून चालू नये. डबा व गाळलेले पाणी सोबत न्यावे आणि भल्या पहाटे निघावे, म्हणजे सूर्यास्तापूर्वी भोजनास घरी पोहोचता येते.

घराचे अद्याप ठरलेले नाही. मार्चमध्ये मुलगा येणार आहे. नातवाने त्याला फोनवर बजावले आहे, की आधी कारंजा पाहावयाचे, मग कागदपत्रे.