घडीचे दार

कपाटास घडीचे दार असावे, ही जागेच्या टंचाईने शिकविलेली युक्ती होय. टिटवाळ्याच्या नव्या सदनिकांत खाट आणि कपाट यांमध्ये हातभर अंतर उरते. तेथे अखंड दार उघडावयाचे कोठे?

नवेपणाचा त्याचा तोरा मात्र फुकाचा आहे. जुन्या वाड्यांतील कित्येक दारे बिजागरीवाचून, वरखाली कोरलेल्या खळग्यांत बसविलेल्या खुंट्यांवर फिरत. हे दारही खालच्या खुंटीवरच उभे असते. वरचे चाक तेवढे पन्हळीतून धावते.

आषाढ लागून काळू नदी दुथडी भरली, की भरीव लाकडाचे हे दार अडू लागते. लाकूड हवेतील ओल पिऊन फुगते, पण तंतूंच्या आडवे. लांबीत जवळजवळ नाहीच. आमच्या सौभाग्यवतींचा आग्रह तात्काळ रंधा मारण्याचा, आमचा थांबण्याचा. श्रावणात तासलेले दार वैशाखात फट दाखविते, आणि तासलेले लाकूड परत मिळत नाही. उलटपक्षी, खुंटीचा आटा फिरवून दार वरखाली करता येते. पन्हळीतील पट्टीचा स्क्रू सैल करून ते बाजूस सरकविता येते. ही दुरुस्ती पुन्हा मोडता येते, हाच तिचा मोठा गुण.

संसारातही ओल्या दिवसांत माणसे फुगतात, एकमेकांस घासतात. अशा वेळी रंधा उचलणारे शहाणे पुष्कळ. आम्हांस पेचकस बरा वाटतो. घरात या प्रश्नावर अद्याप मतभेद आहे. दिवाळीपर्यंत तोही सुकेल, अशी आशा आहे.